वस्तादांच्या डब्यातली माती

५ नोव्हेंबर. काम: रुस्तमच्या मागच्या मांडीवरची जखम धुणं. लागणाऱ्या वस्तू: उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, जुन्या धुतलेल्या चादरीचे तुकडे, डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, आणि कुत्र्याचं डोकं धरायला गुलाबराव वस्ताद.

सगळं मांडून झालं. ओढणी कमरेला बांधून मी मागच्या ओट्यावर पाट घेऊन बसले. रुस्तम वस्तादांच्या दोन पायांच्या मध्ये शहाण्यासारखा उभा होता. मी फडका पाण्यात बुडवला आणि म्हटलं, "हं, धरा." वस्तादांनी धरायच्या आधी छाती काढली, उजवा हात वर नेला आणि स्वतःच्या मांडीवर असा शड्डू ठोकला, की रुस्तम पाणी सांडून, पाटाला लाथ मारून, थेट माझ्या दिवाणाखाली.

"वस्ताद! हे काय?"

"काम सुरू करून रायलो ना, ताई."

कुस्तीला उतरताना पैलवान मांडीवर थाप मारतात, तो शड्डू. वस्तादांची कुस्ती सुटून जमाना झाला, पण शड्डू सुटला नाही. गॅसचं सिलिंडर बदलण्याआधी शड्डू. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी शड्डू. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तेव्हा मशीनवर अंगठा ठेवण्याआधी त्यांनी असा काही दणका दिला की दारावरचा पहारेकरी धावत आत आला. "काका, काय झालं?" वस्ताद शांतपणे म्हणाले, "काही नाई बापा, जित्ता हाय म्हणून सांगून रायलो."

अमरावतीत आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, माझं स्वतःचं, त्यांचं भाड्याचं. मधल्या भिंतीला माझ्या बाजूने मसाल्याच्या बरण्यांची फळी आहे. पलीकडे शड्डू झाला की इकडे बरण्या हलतात. मी डबे करते, कॉलेजच्या मुलांचे आणि एकट्यादुकट्या नोकरदारांचे. सकाळी बरण्या हलल्या की मला कळतं, वस्ताद आंघोळीला निघाले.

नोकरी त्यांनी बडनेऱ्याला रेल्वेत केली. पण नोकरीबद्दल विचारलं तर एका वाक्यात संपवतात, "डब्याचे ब्रेक तपासत होतो." तालमीबद्दल विचारलं तर तुमची भाजी करपते. पहाटे तालीम, मग बडनेरा, संध्याकाळी पुन्हा तालीम, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आधी शिकले, मग शिकवलं. 'वस्ताद' ही पदवी त्यांना तिथेच मिळाली आणि मग पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. उंची बेताची, मान मात्र डोक्याएवढीच रुंद, आणि दोन्ही कान मार खाऊन खाऊन तळणीतल्या पापडासारखे आक्रसलेले.

माणसाची परीक्षा ते मानेवरून करतात. नवीन घरमालक आला, त्याच्याकडे एकदा पाहून मला म्हणाले, "ताई, ह्या मानेचा माणूस घर पाडणार." महिन्याभरात त्याने जागा रिकामी करा असं सांगितलं. तिथे त्याला फ्लॅट बांधायचे होते. आता यात मानेचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही, पण वस्तादांना ते सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

घर सोडायचं म्हटल्यावर मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? पाठ कुठं लागली अजून?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की माणूस हरला. त्यामुळे वीज गेली, गुडघा सुजला, दूध नासलं, की वस्ताद म्हणणार, "पाठ कुठं लागली?" बायको गेली त्या दिवशीसुद्धा कुणीतरी सांत्वनाला आलं, त्याला ते हेच म्हणाले. त्याला ते कठोर वाटलं. मला वाटलं नाही, कारण मी भिंतीच्या अलीकडे राहते आणि त्यानंतर कित्येक दिवस माझ्या बरण्या हलल्या नव्हत्या.

आता रुस्तमबद्दल. नाव ऐकून कुणाला वाटेल, वाघासारखं कुत्रं असेल. रुस्तम कुकरच्या शिट्टीला घाबरतो. भुंकतो, पण आधी वस्तादांच्या मागे जाऊन. मांजर दिसलं तर मान वळवून भिंतीचा रंग बघत बसतो. आता म्हातारा झालाय, तोंडाजवळ पांढरा पडलाय. वस्ताद त्याला रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत पळायला नेतात, आणि येताना बऱ्याचदा उचलून आणतात. कुणी हसलं तर म्हणतात, "आज त्याचा आरामाचा दिवस हाय."

वस्तादांचा मुलगा सुधीर अकोल्याला जठारपेठेत राहतो. चांगला मुलगा आहे. वडिलांना घेऊन जाण्यासाठी तो आधीपासूनच मागे लागला होता, वस्ताद टाळत होते. घरच राहणार नाही म्हटल्यावर टाळायला काही उरलं नाही. मग वस्तादांनी एकच अट घातली: रुस्तम येणार. यावर सुधीरच्या बायकोचा, पल्लवीचा, फोन आला. मी तिथेच होते आणि वस्तादांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे सगळं ऐकलं. ती म्हणाली, "बाबा, आणा की रुस्तमला. ओवी नाचतेय. फक्त एक बघा, त्याच्या अंगावर जखम-बिखम, खरूज-बिरूज काही नको. ओवीला लगेच पुरळ उठतं आणि ती दिवसभर त्याच्या गळ्यात पडणार."

ओवी म्हणजे वस्तादांची नात, लहान आहे. पल्लवीचं काही चुकीचं नव्हतं. वस्तादही म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं." दिवाळी झाली की पंधरा-वीस दिवसांनी, एका रविवारी, सुधीर गाडी घेऊन येणार असं ठरलं.

आणि नेमकं दिवाळीत कुणीतरी गल्लीत सुतळी बॉम्ब लावला. रुस्तम जीव घेऊन पळाला, समोरच्या घराच्या फाटकाखालून घुसला आणि फाटकाचा खालचा पत्रा त्याच्या मांडीला घासून गेला. जखम खोल नव्हती. वरची कातडी सोलली होती, पाणीपुरीच्या पुरीएवढी. पण तो सारखा चाटायचा आणि चाटून चाटून ती ओली ठेवायचा.

माझ्या हाताखाली आधी दोन कुत्री म्हातारी होऊन गेली आहेत. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवू. दवाखान्यात नंबर लागला तेव्हा वस्तादांनी सवयीने शड्डू ठोकला. बाकावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, एक पोपट किंचाळला आणि एका बाईंचं मांजर त्यांच्या डोक्यावर चढलं. डॉक्टर तरुण होते. जखम पाहून म्हणाले, "किरकोळ आहे. भोवतालचे केस कापा. दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. घासायचं नाही, टिपायचं. हे मलम पातळ लावा. चाटू द्यायचं नाही. आणि दुसरं काहीही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. आठ-दहा दिवसांत सुकेल."

बाहेर आल्यावर वस्ताद म्हणाले, "मान पायली का त्याची? बगळ्यासारखी."

"मान राहू द्या. तो सांगतो ते करायचं."

"करू ना. पण मिठाच्या पाण्यानं कुठी जखम सुकते का, ताई? मीठ त लोणच्याले."

चाटू नये म्हणून डॉक्टरांनी गळ्यात घालायला प्लास्टिकची ती गोल कॉलर दिली होती. ती पाहून वस्तादांना फार वाईट वाटलं. "पैलवानाच्या गळ्यात भोंगा काहून बांधता?" मी बांधली. संध्याकाळी जाऊन बघते तर कॉलर खुंटीला आणि रुस्तमच्या कमरेला वस्तादांचा जुना लाल लंगोट. जखमेवरून घेऊन, शेपटीखालून काढून, पाठीवर पक्की गाठ. रुस्तम लाजेने भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"वस्ताद, सोडा ते."

"अवो, धुतलेला हाय."

"सोडा."

लंगोट सुटला, कॉलर पुन्हा चढली, आणि आमचं रोजचं काम सुरू झालं. सकाळी डबे गेले की एकदा, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी एकदा. पहिल्याच दिवशी शड्डूचा तो प्रकार झाला. मी स्पष्ट सांगितलं, रुस्तमसमोर शड्डू बंद. वस्तादांनी मानलं. पुढे धुवायच्या वेळी त्यांचा हात सवयीने वर जायचा, अर्ध्यात थांबायचा आणि मग ते त्याच हाताने कान खाजवायचे.

डोकं मात्र फार छान धरायचे. एक हात हनुवटीखाली, एक मानेवर, घट्ट पण दाबायचं नाही. मी म्हटलंही, "चांगलं जमतं तुम्हाला." तर म्हणाले, "समोरच्याले वाटलं पायजे का आपण त्याले धरलं नाई. तोच डाव असते."

जखम माझ्या अंदाजाप्रमाणे भरत आली. पाणीपुरीच्या पुरीची सुपारी झाली. कडेने गुलाबी नवी कातडी आली, मध्ये कोरडी खपली धरली. रविवार जवळ येत होता. वस्तादांनी सामान बांधायला घेतलं. सामान म्हणजे काय, एक ट्रंक, व्यायामाचे दोन लाकडी मुद्गल आणि बायकोचा फोटो. मुद्गल फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार असं मी विचारलं, तर म्हणाले, "टीव्हीच्या बाजूले. पल्लवी त्यावर फुलदाणी ठेवीन." मग थोडं थांबून म्हणाले, "रुस्तम असला म्हंजे मले काही नाई, ताई. तठी मले वळखते कोण? हा असला त सकाळी खाली उतरायचं कारण असते." एरवी स्वतःबद्दल असं बोलणारा माणूस नव्हे. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

त्या जखमेवर काय अवलंबून होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. कुत्रं बरं झालं तर दोघं जाणार. नाही झालं तर वस्ताद एकटेच जाणार.

पण वस्तादांना धीर धरवत नव्हता. रोज विचारायचे, "ताई, इतवारपर्यंत होईन ना?" मी म्हणायची, "होईल." ते म्हणायचे, "भल्ल सुस्त हाय तुमचं पाणी. तालमीत असता त एका रात्रीत सुकली असती." आणि मग तालमीच्या मातीचं पुराण सुरू व्हायचं.

तालमीची माती म्हणजे साधी माती नव्हे, हे मी त्या पंधरवड्यात इतक्या वेळा ऐकलं की मला स्वतःला कुस्तीचा हौदा तयार करता येईल. चाळलेली लाल माती. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर. ती रोज कुदळीने खणायची, पाण्याने मऊ ठेवायची. नागपंचमीला तिची पूजा. कुणाचं कोपर फुटलं, गुडघा सोलला, की वस्तादाने मूठभर माती उचलायची, जखमेवर दाबायची आणि म्हणायचं, "ऊठ." दुसरं औषध नाही. "आमच्या कोणाले कदी दवाखाना लागला नाई," वस्ताद छाती काढून सांगायचे. मी विचारलं, "कुणालाच नाही?" तर जरा विचार करून म्हणाले, "एकदोघाले लागला. पण थे मनानं कच्चे होते."

ती तालीम आता नाही. जागेवर काचेची दारं असलेली जिम आहे, खाली रबराची गादी. ज्या दिवशी जेसीबी आला त्या दिवशी वस्ताद तिथे होते, एवढंच मला ठाऊक होतं.

मग एक दिवस सकाळी कॉलर काढून मी जखमेवर वाकले आणि तशीच थांबले. खपली गेली होती. जागा लाल, सुजलेली, ओली. कडेला पिवळट चिकट. हात जवळ नेला तर गरम लागत होती. आणि वास. डबे करणारीचं नाक आहे माझं.

"वस्ताद, जखमेवर काय लावलं?"

"मी? मी काहून लावीन?"

"कापराचा वास येतोय."

"कापूर त मी देवापाशी लावतो."

"देव कुत्र्याच्या मांडीत बसलाय का?"

मी फडक्याने टिपलं तर फडक्यावर लालसर मातीचे कण आले. मी तो फडका त्यांच्यासमोर धरला. वस्ताद उठले, आपल्या घरात गेले आणि एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आले. डब्याला जुनं धोतर गुंडाळलेलं होतं. झाकण उघडलं. आत निम्म्यापर्यंत माती होती, मऊ, चाळलेली, हळदीने जराशी पिवळसर. तालीम पाडली त्या दिवशीची. आधी डबा गच्च भरलेला होता. त्यांच्या एका जुन्या चेल्याने नव्या आखाड्याच्या पूजेसाठी चिमूटभर मागितली होती, तर त्याला दिली नव्हती. म्हणाले होते, संपली. आणि गेले काही दिवस रोज, मी संध्याकाळी जखम धुऊन घरी गेले की, ते कॉलर काढून मूठ मूठ रुस्तमला लावत होते, आणि सकाळी मी येण्याआधी ओल्या फडक्याने पुसून काढत होते. कण मात्र आत राहत होते.

"म्हटलं, इतवारच्या आंदी साफ सुकली पायजे. खपलीबी नको. पोरगी म्हणाली ना, जखम नको."

"सुकली होती, वस्ताद. सुपारीएवढी उरली होती. हात लावला नसता तर रविवारी नुसता डाग दिसला असता."

"माती कदी धोका देत नाई, ताई."

मी चिडले होते. सकाळपासून पोळ्या लाटून खांदा भरून आला होता, त्यात हे. म्हणून गेले, "कुत्र्याची पाठ तुम्हीच लावली."

डब्याचं झाकण लावायला वस्तादांना बराच वेळ लागला. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पण खरं होतं, आणि खरं वाक्य परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

रुस्तमला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या, म्हणाले, "बरी होईल. पण आता दोन-तीन आठवडे धरा. आणि तोवर लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका." मातीचं त्यांना सांगावं लागलं. त्यांना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. वस्ताद दवाखान्यात खाली मान घालून बसले होते. बाहेर पडल्यावर डॉक्टरांच्या मानेबद्दल काही बोलले नाहीत.

रविवारी दहा-साडेदहाला सुधीर आला. गाडी फाटकाशी लावली, माझ्याकडेच चहाला बसला. त्याला मी आधीच फोनवर सांगितलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, वस्तादांना निदान भांडता आलं असतं.

"सुधीर, धुवायची वेळ झालीय," मी म्हटलं. "तू चहा पी, आम्ही आवरतो."

ओट्यावर पाट मांडला. वस्तादांनी रुस्तमचं डोकं धरलं. सुजलेल्या जागेवर फडका लागला तसा रुस्तम कुईं करून दचकला. वस्ताद त्याच्या कानाशी वाकले. "झालं, झालं राजा. झोंबते ना? झोंबते. मले माईत हाय. मी हाव ना इठी." आणि फडका उचलला की ते वाकून जखमेवर हळूच फुंकर घालायचे. फुंकर घालायची नाही असं मी त्यांना चारदा सांगितलं होतं, तोंडातले जंतू जातात म्हणून. त्या दिवशी नाही सांगितलं.

सुधीर कप हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहत होता. मग मला म्हणाला, "काकू, हे बाबाच आहेत ना?"

"का रे?"

त्याने शर्टाची बाही वर केली. कोपराखाली एक जुना व्रण होता, वेडावाकडा, चकाकणारा. "मीसुद्धा जात होतो तालमीत. नववीत असेन. एकदा पडलो आणि हे फुटलं. बाबांनी मूठभर माती दाबली आणि म्हणाले, ऊठ, लोकं पाहून रायले. उठलो. महिनाभर पू होता. आईने नेलं शेवटी दवाखान्यात, यांना न सांगता. त्यानंतर मी तालमीत गेलो नाही."

सांगताना तो हसत होता. अशा गोष्टी लोक हसूनच सांगतात.

मी वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी डोकं वर केलं नाही. हात रुस्तमच्या मानेवर तसाच होता.

"झोंबलं होतं?" त्यांनी विचारलं. कुत्र्याला नाही.

सुधीरचं हसू थांबलं. "हो."

"लय?"

"लय."

मागच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मले वाटलं," वस्ताद म्हणाले, "पोट्टा रडला नाई, म्हंजे त्याले लागलं नसन."

"तुम्हीच म्हणाला होता, रडायचं नाही."

"हो. म्हटलं होतं मी."

एवढंच. सुधीरने बाही खाली घेतली, बटण लावलं. मला काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, "मलमाची ट्यूब द्या इकडे." ती सुधीरने दिली. झाकणसुद्धा त्यानेच उघडलं, आणि जाताना बापाच्या खांद्यावरचा कुत्र्याचा केस झटकला. तो झटकल्यावरही हात तिथे जरा जास्तच राहिला.

रुस्तम बरा होईपर्यंत वस्तादांनी थांबायचा विचार झाला. पण घरमालकाचे मजूर सोमवारपासून येणार होते, सुधीरला कामावर जायचं होतं. शेवटी ठरलं, रुस्तम माझ्याकडे राहील आणि बरा झाला की सुधीर येऊन त्याला नेईल. तो हे मनापासून म्हणाला. पण रुस्तम म्हातारा आहे, फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, आणि मनापासून म्हटलेल्या गोष्टी अमरावतीहून अकोल्याला जाताना बऱ्याचदा मूर्तिजापूरच्या आसपास उतरून जातात, हे मला माहीत आहे. वस्तादांनाही माहीत असावं. त्यांनी एकदाही "कदी?" असं विचारलं नाही.

ट्रंक डिकीत गेली, मुद्गल मागच्या सीटखाली. निघताना वस्तादांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. "पाणी कोमट पायजे, ताई. हाताले चटका नाई बसला पायजे. घासू नका, टिपा. मलम पातळ लावा. भोंगा काढू नका, त्याले लाज वाटली तरी. आणि हळद-बिळद काही लावू नका." पंधरा दिवस मी त्यांना जे सांगत होते, ते त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं. मी सगळ्याला हो म्हटलं.

मग काखेतला डबा पुढे केला. "हे कुठीबी टाका. फक्त पायदळी नका येऊ देऊ."

"अहो, घेऊन जा की. असू द्या जवळ."

"नाई. माह्यापाशी राह्यली त अजून कोणाले तरी लावीन."

गाडीत बसले, काच वर केली. रुस्तमकडे पाहिलं नाही. रुस्तमला वाटलं, दुसऱ्या बाजूचं दार आपल्यासाठी उघडणार. तो फिरून त्या बाजूला गेला आणि कॉलर वर करून उभा राहिला. गाडी निघाल्यावर थोडा पळाला, गल्लीच्या टोकापर्यंत. तिथे त्याला उचलून आणायला मीच गेले. दिसतो त्यापेक्षा बराच जड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे गेले. मग मी खुरपं घेतलं आणि मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाभोवती कुणाचा पाय पडत नाही तिथे आळं उकरलं. डबा उपडा केला. माती सुटून खाली पडायला तयार नव्हती, बुडाशी घट्ट बसली होती. पाणी घालून काढावी लागली. हाताने सारखी केली. डबा घासून भिंतीवर उन्हात पालथा घातला.

हात धुऊन येते तर रुस्तम नेमका त्या आळ्यात जाऊन बसला होता. नाक मातीत, दुखरी मांडी खाली. मी ओरडले. उठला, माझ्याकडे पाहिलं, एक गिरकी घेतली आणि पुन्हा तिथेच बसला. कॉलरला धरून ओढलं, ओट्यावर नेलं. मी आत वळले की हा परत तिथे. पलीकडे मजुरांनी कौलं उतरवायला सुरुवात केली होती, धडाधड आवाज येत होते, आणि या भित्र्या कुत्र्याने त्या आवाजांनीसुद्धा जागा सोडली नाही.

शेवटी कपाटातली एक चांगली चादर काढली. तिची चौघडी करून त्या ओल्या मातीवर अंथरली, त्याला दुखरी बाजू वर करून तिच्यावर आडवा केला, आणि पाणी कोमट करायला आत गेले.